दोघांनी एका गाडीत बसू नये

आमच्या आबांना कोणी विचारलं, "तुमची थोरली काय करती?" की ते छाती काढून सांगायचे, "कुलपावर हाय." ऐकणाऱ्याला वाटायचं, मी तुरुंगात नोकरीला आहे. गावातल्या एका आजींनी तर मला खरंच विचारलं होतं की आतल्या बायांना भाकरी बरी देतात का. आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना माझं काम मी एकदाच समजावून सांगितलं आणि त्यांनी ते असं दोन शब्दांत बसवलं. इतकी वर्षं झाली, मला याहून बरं उत्तर सापडलेलं नाही.

मी एका हॉस्पिटल संस्थेच्या संगणक विभागात आहे. मोठं हॉस्पिटल सांगलीला, शाखा साताऱ्याला. माणसाच्या अंगाचे जे जे फोटो निघतात, छातीचे, डोक्याचे, गुडघ्याचे, ते सगळे एका कपाटाएवढ्या यंत्रात साठतात. त्याला आम्ही नुसतं 'स्टोरेज' म्हणतो. आत ओळीनं डिस्का लावलेल्या असतात. त्या डिस्का लिहिताना मजकुराचा असा काही भुगा करतात की चावी नसेल तर कुणाच्या बापाला तो जुळवता येत नाही. डिस्क चोरून नेली तर चोराच्या हाती पीठ. आमच्या हाती चावी असते म्हणून आम्हाला त्यातून पुन्हा माणसाचं हाड दिसतं.

ही चावी लोखंडाची नसते हे सांगताना माझी निम्मी नोकरी गेली. संस्थेचे संस्थापक डॉक्टर एकदा साताऱ्याला आले आणि म्हणाले, "निकम मॅडम, चावी दाखवा." मी म्हटलं, "सर, ती दिसत नसते." ते म्हणाले, "मग हरवली तर कळणार कसं?"

रोजच्या कामाला चावी एका वेगळ्या संगणकावर असते. यंत्र चालू झालं की ते त्या संगणकाला विचारतं आणि उघडतं. पण तो संगणकच गेला तर? म्हणून एक राखीव चावी असते आणि तिचे दोन भाग केलेले असतात. अर्धा भाग एकाकडे, अर्धा दुसऱ्याकडे. प्रत्येकाकडे एक कार्ड आणि ते कार्ड जागं करणारं एक लांबलचक वाक्य, जे कुठंही लिहायचं नाही, डोक्यात ठेवायचं. दोघांनी एकाच वेळी आपापला भाग दिला तरच कुलूप निघतं. साताऱ्याचा अर्धा भाग माझ्याकडे होता. सांगलीचा अर्धा वर्धमान मगदूम यांच्याकडे.

हा लेख खरं तर मगदूम साहेबांविषयी आहे. कुलपाचं निमित्त.

चावी सांभाळणाऱ्यांसाठी काही नियम असतात. ते तपासणीस आलेल्या मंडळींनी घालून दिले होते. दोघांनी आपापलं वाक्य एकमेकांना सांगू नये. दोघं एका नात्यातले नसावेत, एका घरात राहणारे नसावेत. आणि दोघांनी एका गाडीतून प्रवास करू नये, कारण गाडी दरीत गेली तर दोन्ही अर्ध्या चाव्या एकदम जायच्या. मी घरी हे हसत हसत सांगितलं. आबा हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर हाय की. पहाऱ्यावरचं दोन संत्री एका जागी बसत नसत्यात. तोफेच्या एका गोळ्यात दोघं जात्यात."

दर तिमाहीला राखीव चावीची चाचणी व्हायची. मी साताऱ्याच्या यंत्रखोलीत, ते सांगलीच्या. कानाला फोन. "तयार?" "तयार." दोघांनी वाक्य टाइप करायचं, बटण दाबायचं, आणि मग ते जुनं यंत्र दोन भागांची जुळणी करत बसायचं. त्याला वेळ लागायचा. तेवढ्यात फोन ठेवायचा नाही, असाही नियमच होता. मग दोन माणसं फोन धरून काय करणार? बोलणार. ते सांगायचे, कृष्णेचं पाणी कुठवर आलंय, हळदीचे सौदे सुरू झाले की गावभर कसा वास सुटतो. मी सांगायचे, साताऱ्यात धुकं इतकं आहे की किल्ला गायब आहे. त्यांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली होती. ते भावाच्या कुटुंबाबरोबर राहायचे. माझं लग्न एकदा ठरून मोडलं, आणि नंतर मी ते मनावर घेतलं नाही. हे सगळं आम्हाला एकमेकांविषयी अशा जुळणीच्या वेळांतूनच कळलं. मग पडद्यावर हिरवी खूण यायची. "आली." "इकडंबी आली." "ठेवू?" "ठेवा." आणि पुढचे तीन महिने मी त्या 'ठेवा'वर काढायचे.

मी स्पष्टच सांगते. मला तो माणूस हवा होता. मला त्याच्याबरोबर एका घरात राहायचं होतं, आणि माझ्या नोकरीच्या नियमात नेमकं तेच करायला मनाई होती.

तुम्ही म्हणाल, मग एकानं चावी सोडायची. त्याकडे येते. आधी पाचगणीचं सांगते.

संस्थेची वार्षिक बैठक पाचगणीला एका हॉटेलात असायची. मगदूम साहेब सांगलीहून साताऱ्याला येत. तिथून पुढं संस्थेच्या गाड्या. एका गाडीत मी, दुसऱ्या गाडीत ते. बाकीचे लोक कुठंही बसू शकत होते, आम्ही दोघं मात्र वेगळेच. आमचा चालक तानाजी, म्हसवडकडचा. त्याला हे काही केल्या पटायचं नाही. "आवं मॅडम, दोघं एकाच ठिकानी चाललाय, एकाच गाडीत बसा की. डिझेल काय झाडाला लागतंय व्हय?"

"नियम आहे, तानाजी."

"असला कसला नियम? सोयरीक मोडल्यावानी दोन गाड्या!"

वाईला दोन्ही गाड्या चहाला थांबायच्या. तिथं उभं राहून बोलायला हरकत नव्हती. नियम गाडीपुरता होता. पण सगळ्यांसमोर बोलणार काय? "प्रवास बरा झाला?" "झाला. तुमचा?" असा एकाच रस्त्यानं, एकामागोमाग केलेल्या प्रवासाचा समाचार आम्ही एकमेकांना विचारायचो. मग पसरणीचा घाट लागायचा. वळणावर त्यांची पांढरी गाडी वर दिसायची, पुढच्या वळणाला लपायची, पुन्हा दिसायची. मी खिडकीशी बसून घाटभर त्या गाडीकडे बघत असायचे. धोम धरणाचं पाणी खाली किती सुंदर दिसतं म्हणतात. मी इतक्या वेळा गेले, ते पाणी मी धड पाहिलेलंच नाही.

एका वर्षी वर पोचायच्या आधी त्यांची गाडी स्ट्रॉबेरीच्या दुकानापाशी थांबली. आम्ही मागून पोचलो तर त्यांचा चालक हात करून तानाजीला थांबवतोय. त्यानं खिडकीतून एक खोका आत दिला. "सायबांनी दिलाय." तानाजीनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि पुढं बघून म्हणाला, "फळाला एका गाडीतनं जायाला बंदी न्हाई, हे बरं हाय."

त्या बैठकीला यायचे त्यातले एक गृहस्थ महाबळेश्वरचे, हॉटेलवाले, संस्थेला मदत करणारे. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि काही वर्षांपूर्वी तिच्या पाठीच्या कण्याचा फोटो आमच्याकडे निघाला होता. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तो फोटो पुसून टाका."

मी सांगितलं की ठरावीक मुदतीपर्यंत रुग्णाची कागदपत्रं ठेवावीच लागतात.

"बरं, मग तो कुठं आहे ते तरी दाखवा. मी बघतो आणि गप्प बसतो."

"सांगलीला आहे."

"आणि तिथून गेला तर?"

"साताऱ्याला कॉपी आहे."

ते चिंतेत पडले. "म्हणजे दोन?"

मला खोटं बोलता येत नाही. "साताऱ्याच्या कॉपीची रोज एक कॉपी निघते. कालची, परवाची, अशा. कुणी चुकून काही पुसलं तर मागं जाता यावं म्हणून."

त्यांनी खुर्ची ओढून बसून घेतलं. "अहो, आमच्या पोरीचा एक कणा. तुम्ही तिला रावण करून टाकलंत की!"

तेव्हा मगदूम साहेब पुढं आले आणि त्यांनी त्यांना शांतपणे समजावलं की कॉप्या कितीही असोत, कुलूप सगळ्यांवर आहे. चावी दोघांत वाटलेली आहे, आणि ते दोघं हे असे समोर उभे आहेत. मुदत संपली की चावी मोडायची. चावी मोडली की डिस्क जाळायला नको, फोडायला नको, सगळ्या कॉप्या एका क्षणात मातीमोल. हॉटेलवाल्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे तुमच्या दोघांचं जोवर पटतंय तोवर आमचं झाकलेलं," ते म्हणाले. मगदूम साहेबांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्या खात्यात तो दिवस अजूनही नवीन माणसाला सांगितला जातो.

सांगलीच्या हॉस्पिटलात देखभालीचं काम बघणारे बापू म्हणून होते. जनरेटर, लिफ्ट, धुलाईची यंत्रं, सगळं त्यांच्या हातचं. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा करायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. हॉस्पिटल तर बंद ठेवता येत नाही. म्हणून बापू पाळी लावायचे. सकाळी ही लिफ्ट विश्रांतीला, दुपारी ती. एका जनरेटरची पूजा, दुसरा तयारीत. अगदी न्यायानं. स्टोरेजच्या खोलीत मात्र ते दाराबाहेरूनच झेंडूचं तोरण बांधून जात. त्या वर्षी व्यवस्थापक नवीन होते. बापूंनी त्यांना विचारलं, "सायेब, आतल्या कपाटाचीबी पूजा करू का? वरीसभर राबतंय बिचारं, एक दिस सुदिक डोळं मिटत न्हाई." व्यवस्थापकांना वाटलं, हार घालणार असतील. म्हणाले, "करा की."

बापू मन लावून काम करणारे. त्यांनी आधी सगळं फडक्यानं पुसलं आणि मग वरपासून खालपर्यंत एक एक बटण नीट बंद करून यंत्र झोपवलं. हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, नारळ फोडला. तासाभरानं विश्रांती पुरे झाली म्हणून पुन्हा चालू केलं. यंत्र जागं झालं आणि त्यानं चावी मागितली.

चावीचा संगणक उत्तर देईना. शोधलं तर कळलं की यंत्राच्या कंपनीच्या माणसानं मागच्या आवराआवरीत तो संगणकच उचलून या स्टोरेजच्या आत ठेवला होता. आजकाल संगणक असा दुसऱ्या यंत्राच्या पोटात ठेवता येतो. म्हणजे पेटीची चावी पेटीत आणि पेटीला कुलूप. ते यंत्र आल्यापासून कधी बंदच झालं नव्हतं, म्हणून हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिकडे एका बाईंच्या डोक्याचं ऑपरेशन ठरलेलं. डॉक्टरांना आधीचे फोटो हवे होते, गाठ किती वाढली ते ताडून बघायला. ते फोनवर माझ्यावर ओरडत होते, "साताऱ्याची कॉपी उघडा!" कॉपी उघडता येते, पण त्यासाठी सांगलीशी असलेला तिचा दुवा तोडावा लागतो. सांगलीत लिहिलेलं साताऱ्याला पोचायला थोडा उशीर लागतो. दुवा तोडला की जे वाटेत होतं ते गेलं. त्या वाटेत कुणाचा सकाळचा फोटो होता, कोण जाणे. मी म्हटलं, "मगदूम साहेब येऊ देत. राखीव चावीनं उघडू. नाहीच उघडलं तर तोडते."

सणाची सुट्टी म्हणून ते गावी उसाच्या रानात गेले होते. तिथून मोटारसायकलवर आले. ते येईपर्यंत दुपार कलली होती. बापू खोलीच्या दारात भिंतीला टेकून बसले होते म्हणे.

"तयार?"

"तयार."

दोघांनी वाक्य टाकलं. पडद्यावर लाल खूण. पुन्हा टाकलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा चुकलं की दोन्ही कार्डं कायमची बंद पडणार होती. मग आमच्या हातात फक्त साताऱ्याची कॉपी उरली असती. मी रोज देवाचं नाव घ्यावं तसं ते वाक्य मनात म्हणायचे. ते चुकणं शक्य नव्हतं.

फोनवर त्यांनी दोनचार बटणं दाबून बघितल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मॅडम, आज चाचणीचा पडदा नाही. हा यंत्राचा आतला, साधा पडदा आहे. मला वाटतं याच्यात कीबोर्डाची मांडणी दुसरी आहे. काही चिन्हांच्या जागा बदलल्यात. तुमचं वाक्य मला सांगू नका. फक्त एवढं सांगा, त्यात असलं एखादं चिन्ह आहे का?"

हेसुद्धा सांगायची परवानगी नव्हती. वाक्यातलं काहीच सांगायचं नाही म्हणजे नाही. मी गप्प बसले. नसतं तर 'नाही' म्हणाले असते, एवढं ते मला ओळखत होते.

"बरं," ते म्हणाले. "माझ्यातबी आहे. कुठलं बटण कुठं गेलंय ते मी दुसऱ्या खिडकीत तपासून सांगतो. तुम्ही तुमचं बघून घ्या."

त्यांनी सगळ्याच चिन्हांच्या बदललेल्या जागा वाचून दाखवल्या, म्हणजे त्यातलं माझं कोणतं ते त्यांनाही कळू नये. इतक्या घाईतसुद्धा. मी तिसऱ्यांदा वाक्य टाकलं. बटण दाबलं. जुळणी सुरू झाली आणि त्या दिवशी आम्ही कृष्णेचं किंवा धुक्याचं काही बोललो नाही. नुसता एकमेकांचा श्वास ऐकत होतो. मग हिरवी खूण आली आणि फोनमधून बापूंचा हुंदका ऐकू आला. मगदूम साहेब त्यांना सांगत होते, "पुढल्या वर्षीबी पूजा करा बापू. फक्त झोपवू नका."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, बाई बऱ्या झाल्या. पण मला लक्षात राहिलं आहे ते वेगळंच. डॉक्टरांना फोटो मिळाले, सगळं तपासून झालं, तोवर दिवस मावळला होता. मगदूम साहेब जैन. सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. मला ते माहीत होतं.

"तुम्ही जेवला नाहीत," मी म्हटलं.

"आता उद्या. तुम्ही?"

माझं ताट घरी झाकून ठेवलेलं होतं. "मीपण उद्याच," मी म्हटलं, आणि खरंच जेवले नाही. आबा म्हणाले, "उपास कशाचा?" मी म्हटलं, खंडेनवमीचा.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "निकम मॅडम, आपल्यापैकी एकानं हे सोडलं तर?"

"कोणी?" मी विचारलं.

ते म्हणाले, "मी सोडतो." मी म्हटलं, "नको, मी सोडते." ते म्हणाले, "तुमच्या हातचं काम मी नाही काढून घेणार." मी म्हटलं, "आणि मी तुमच्या?" असं 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करत आमची गाडी सुटली. ज्यांनी कुणी आपल्या कामावर जीव लावलाय त्यांना हे कळेल. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ते कुलूप काढलं होतं. ज्याच्याबरोबर ते केलं, त्यालाच त्यातून बाहेर काढायचं? शेवटी ठरलं की हे यंत्र आता जुनं झालं आहे. नवीन आलं की तपासणीस नवीन माणसं नेमतील. तेव्हा बघू.

यंत्र निवृत्त होईना. कंपनीनं मुदतवाढ दिली. मग आणखी दिली. साथीच्या दिवसांत नवीन खरेदी थांबली, पुन्हा मुदतवाढ. यंत्राला मुदतवाढ मिळाली की लोक पेढे वाटायचे आणि मी घरी येऊन दार लावून घ्यायचे. माझे केस पिकले. फोनवरचा त्यांचा आवाज थोडा जड झाला. जुळणी तेवढीच हळू राहिली, ही एक देवाची कृपा.

आबांना मी काही बोलले नव्हते, पण फौजी माणूस. एक दिवस म्हणाले, "त्यो सांगलीचा, कांदा खातो का?"

"नाही."

"मंग तुलाबी सोडावा लागंल." आणि पेपर उघडून बसले. त्यांची परवानगी ती एवढीच.

अखेर नवीन स्टोरेज आलं. सगळा मजकूर तिकडे गेला, आणि जुन्याची चावी मोडायचा दिवस ठरला. त्यासाठी दोघंही एका खोलीत हवे होते. मी साताऱ्याहून तानाजीच्या गाडीनं सांगलीला गेले. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच शेजारी बसून आपापली वाक्यं टाकली, एकमेकांकडे पाठ करून. यंत्रानं विचारलं, नक्की ना? हे परत येणार नाही. ते म्हणाले, "तुम्ही दाबा." मी दाबलं. पंखे फिरत होते, दिवे लागलेले होते, आणि आत सगळं पीठ झालं होतं. मला रडू आलं. माझ्या आयुष्यात जे काही झालं होतं ते त्या यंत्राच्या जुळणीत झालं होतं.

आमच्या मुख्य अधिकाऱ्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आता नवीन यंत्राच्या चाव्या. तुम्हा दोघांशिवाय कोण? नियम तेच आहेत, तुम्हाला पाठच आहेत."

मी येताना गाडीत ठरवून आले होते की या वेळी मीच नाही म्हणायचं. तोंड उघडणार, तेवढ्यात मगदूम साहेब म्हणाले, "मी नाही."

"का हो?"

मगदूम साहेबांचे कान लाल झाले. "मला निकम मॅडमच्या गाडीतनं सातारला जायचंय."

मग दारात उभे असलेले बापू म्हणाले, "लय येळ लावला गड्या," आणि जीभ चावली, कारण साहेबाला 'गड्या' म्हटलं होतं.

अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, मग तुम्ही तरी?" मी नाही म्हणणार होते. मगदूम साहेबच म्हणाले, "त्या सांभाळतील. त्यांनी सोडायचं नाही. तिसऱ्या वेळी त्यांचं बरोबर आलं होतं." त्यांचंही आलं होतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही.

गाडीत ते लाजून पुढं तानाजीशेजारी बसले आणि मी मागं. तानाजीनं काही न बोलता गाडी कडेला घेतली, उतरला, मागचं दार उघडून उभा राहिला. "सायेब, माझी चेष्टा करू नगा. मागं बसा." मग कऱ्हाड येईपर्यंत आम्ही दोघं मागं बसलो आणि एक शब्द बोललो नाही. आमच्या हातात फोन नव्हता, त्यामुळे सुरुवात कशी करायची ते कळेना.

लग्न साधंच झालं. आबांनी ते पाहिलं, हे बरं झालं. आता ते नाहीत. आम्ही दोघं साताऱ्यात राहतो. घरात कांदा येत नाही. मगदूम साहेब, मी अजून त्यांना तसंच म्हणते, बाग करतात आणि शेजारच्या पोरांना गणित शिकवतात. मी बरी आहे, सुखी आहे. हे वाचून कुणी वाईट वाटून घेऊ नये.

पण नवीन यंत्राची चाचणी आता घरून करता येते. लॅपटॉप, कार्ड आणि वाक्य. सांगलीचा अर्धा भाग कोरे मॅडमकडे आहे. हुशार बाई, कामाला चोख. चाचणीच्या वेळी खोलीत तिसरं माणूस असता कामा नये, म्हणून मी कार्ड काढलं की मगदूम साहेब न सांगता उठतात, चपला घालतात आणि मागच्या अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहतात. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसते. मी वाक्य टाकते, बटण दाबते. नवीन यंत्राला जुळणीला वेळ लागत नाही. बोट उचलायच्या आत हिरवी खूण येते. "झालं मॅडम," म्हणून कोरे मॅडम फोन ठेवतात.

माणूस अंगणात उभा असतो आणि मला त्याची आठवण येते.

"झालं का? येऊ आत?" ते पाठमोरेच विचारतात.

झालेलं असतं.

"थांबा अजून," मी म्हणते.